सेन्सर चुकतो की त्याची भाषा वाचणारा?

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की मालक गाडी घेऊन गॅरेज गाठतो. तेथे स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक उमटतो आणि पुष्कळदा पाच मिनिटांत निकाल जाहीर होतो : ‘ऑक्सिजन सेन्सर गेला.’ काही हजार रुपये मोजून नवा सेन्सर बसवला जातो, दिवा विझतो आणि आठवडाभरात तोच दिवा पुन्हा लागतो. मग संशय सुट्या भागाच्या दर्जावर, पेट्रोलवर किंवा मेकॅनिकच्या हेतूवर जातो. अशा अनेक प्रकरणांत जुना सेन्सर खरेच बोलत असतो. त्याचे बोलणे ज्या माहितीच्या आधारे वाचले गेले, ती माहिती मात्र त्या गाडीची नसते.

हा प्रश्न आता केवळ महागड्या मोटारींपुरता राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली, दुचाकींतील कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली आणि एक्झॉस्टमधील हा सेन्सर स्कूटर-मोटारसायकलींपर्यंत पोहोचला. त्यामुळे त्याचे निदान कसे होते आणि त्यासाठी वापरलेली माहिती कशी पारखावी, हे कारागिराइतकेच मालकानेही जाणून घेणे उपयुक्त आहे.

लॅम्डा म्हणजे नेमके काय?

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ किलो हवा लागते. इंजिनात प्रत्यक्ष गेलेली हवा आणि ज्वलनाला आवश्यक असलेली हवा यांच्या गुणोत्तराला ‘लॅम्डा’ म्हणतात. लॅम्डा १ असेल तर प्रमाण अचूक असते. तो १ पेक्षा जास्त असेल तर हवा अधिक आणि इंधन कमी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत मिश्रण ‘लीन’. १ पेक्षा कमी असेल तर मिश्रण ‘रिच’. पेट्रोल मोटारीच्या पीयूसी प्रमाणपत्रावर लॅम्डाचा एक रकाना असतो आणि त्यासाठी ०.९७ ते १.०३ ही मर्यादा दिलेली असते. बहुतेक वाहनमालकांनी हा आकडा पाहिलेला असतो. तो कशासाठी आहे हे क्वचितच कोणी सांगते.

एवढ्या काटेकोरपणाचे कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे आहे. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे हे तिन्ही घातक घटक तो एकाच वेळी निष्प्रभ करतो, पण लॅम्डा १ च्या आसपासच्या अगदी अरुंद पट्ट्यातच. मिश्रण त्या पट्ट्यात राखायचे तर इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, धुरातील ऑक्सिजनची सतत खबर हवी. ही खबर देणारा बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या अमेरिकी बाजारपेठेसाठीच्या मोटारींत प्रथम बसवला गेला. मूळ कल्पना आजही तीच आहे. झिर्कोनियाच्या चिनीमातीसारख्या घटकाच्या एका बाजूला धूर असतो, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. घटक साधारण ३५० अंश सेल्सिअसपर्यंत तापला की दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील फरकानुसार विद्युतदाब निर्माण होतो. मिश्रण रिच असेल तर हा दाब ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत चढतो, लीन असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास उतरतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते. सेन्सरला पेट्रोल दिसत नाही. त्याला केवळ ऑक्सिजन कळतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तेथील हवा न जळता बाहेर येते आणि पेट्रोल भरपूर असूनही सेन्सर ‘लीन’ सांगतो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला बारीक चीर असेल, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पुन्हा तेच उत्तर मिळते. दोन्ही वेळा सेन्सरने आपले काम चोख बजावलेले असते. अशा वेळी त्याला बदलणे म्हणजे ताप आहे असे दाखवणारा तापमापक फेकून देण्यासारखे आहे.

कोड ही तक्रार असते, निकाल नसतो

स्कॅनरवर दिसणारा ‘पी-०१७१’ हा कोड सांगतो की पहिल्या बँकेतील मिश्रण विरळ आहे. त्यात सेन्सर बिघडल्याचा उल्लेखही नसतो. ‘पी-०१३५’ हा कोड पहिल्या बँकेच्या पहिल्या सेन्सरच्या हीटर परिपथाविषयी असतो. परिपथ म्हणजे हीटरबरोबरच त्याचा फ्यूज, रिले, तारा आणि कनेक्टरही. ‘पी-०४२०’ हा कोड कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचे सुचवतो, परंतु मिसफायर किंवा एक्झॉस्टमधील गळती तपासल्याशिवाय कन्व्हर्टरला दोषी ठरवता येत नाही. कन्व्हर्टरची किंमत सेन्सरच्या कैक पटींनी अधिक असल्यामुळे ही घाई मालकाला फार महाग पडते.

कोडनंतर पाहायचा आकडा म्हणजे ‘फ्युएल ट्रिम’. सेन्सरच्या खबरीवरून ईसीयू मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवत किंवा घटवत आहे, ते यातून कळते. तात्कालिक आणि दीर्घकालीन अशा दोन ट्रिम असतात. त्यांची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल, तर सहसा चिंता नसते. समजा, पी-०१७१ आलेल्या गाडीत इंजिन आयडलवर असताना ट्रिम अधिक २२ टक्के आहे आणि २,५०० आरपीएमला ती ५ टक्क्यांवर येते. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना चोरून शिरणाऱ्या हवेचा वाटा मोठा असतो, तो उघडल्यावर नगण्य होतो. म्हणून हे चित्र इनटेकमधील व्हॅक्यूम गळतीकडे, फाटलेल्या होजकडे बोट दाखवते. उलट आयडलवर ट्रिम ठीक आणि चढावर वा भार पडल्यावर ती वाढत जात असेल, तर इंधनपंप, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेला हवामापक सेन्सर यांच्याकडे आधी पाहावे लागते. या दोन्ही गाड्यांत कोड एकच, दोष निराळा आणि ऑक्सिजन सेन्सर निर्दोष असू शकतो.

तारा चार, भाषा दोन

चुकीच्या माहितीचा सर्वांत बोलका नमुना चार तारांच्या सेन्सरमध्ये सापडतो. साध्या ऑक्सिजन सेन्सरला चार तारा असतात : दोन हीटरच्या, दोन सिग्नलच्या. टोयोटाच्या अनेक गाड्यांत कन्व्हर्टरच्या पुढे बसवलेल्या ‘एअर-फ्युएल रेशो’ सेन्सरलाही चारच तारा असतात. बाहेरून दोघे भाऊच वाटतात. काम मात्र वेगळे. साधा सेन्सर मिश्रण रिच आहे की लीन एवढेच सांगतो. एअर-फ्युएल सेन्सर ते किती रिच वा किती लीन आहे, हेही सांगतो.

त्यांची भाषा तर एकमेकांच्या नेमकी उलट आहे. साध्या सेन्सरचा व्होल्टेज वाढला की मिश्रण रिच समजायचे. या एअर-फ्युएल सेन्सरबाबत कंपनीच्या स्कॅनरवर दिसणारा आकडा अचूक मिश्रणाला सुमारे ३.३ व्होल्ट असतो. त्याहून वर गेला तर मिश्रण लीन, खाली आला तर रिच. एकाचा नियम दुसऱ्याला लावला, तर इंधन कमी पडणाऱ्या गाडीचे इंधन आणखी कमी करण्याचा सल्ला दिला जातो.

यात आणखी दोन खाचा आहेत. पहिली मल्टिमीटरची. या रचनेत ईसीयू एका सिग्नल तारेवर ३.३ आणि दुसरीवर ३.० व्होल्ट राखतो आणि सेन्सरमधून वाहणाऱ्या अतिसूक्ष्म विद्युतप्रवाहाची दिशा व मात्रा मोजतो. त्यामुळे दोन तारांमध्ये मीटर लावला की इंजिन कसेही चालवा, ०.३ व्होल्ट हाच स्थिर आकडा दिसतो. ज्याला फक्त जुना सेन्सर माहीत आहे, तो म्हणणार : ‘सिग्नल हलत नाही, सेन्सर मेला.’ प्रत्यक्षात तो आकडा परिपथ शाबूत असल्याची खूण असते. दुसरी खाच सर्वसाधारण स्कॅनरची. जुन्या ओबीडी प्रमाणपद्धतीत ऑक्सिजन सेन्सरसाठी ० ते १ व्होल्टच्या घरातील मूल्य अपेक्षित होते, म्हणून अशा काही गाड्यांत खरा आकडा पाचाने भागून दाखवला जाई. ३.३ चे झाले ०.६६. तो पाहून ‘सेन्सर रिचवर अडकला’ असे निदान करणे सहज शक्य होते, वास्तविक मिश्रण अगदी योग्य असताना.

हीटर तपासतानाही हाच घोळ होतो. टोयोटाच्या काही इंजिनांच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये २० अंश सेल्सिअसला पुढच्या एअर-फ्युएल सेन्सरच्या हीटरसाठी १.८ ते ३.४ ओहम आणि मागच्या साध्या सेन्सरच्या हीटरसाठी ११ ते १६ ओहम असे रोध दिले आहेत. मागच्याचा आकडा पुढच्याला लावला, तर धडधाकट हीटर ‘शॉर्ट’ ठरतो. बॉशच्या वाइडबँड सेन्सरची तऱ्हा आणखी वेगळी : तेथे सेन्सरपासून पाच तारा निघतात आणि कनेक्टरमध्ये त्या विशिष्ट नगासाठी जुळवलेला एक रोधक असतो. जुना कनेक्टर कापून नव्या सेन्सरला जोडला, तर ती जुळणीच मोडते.

कन्व्हर्टरच्या पुढचा आणि मागचा सेन्सर यांची तुलना करतानाही सावध राहावे लागते. पुढचा साधा सेन्सर सतत वर-खाली होत असतो आणि तसाच तो हवा. मागचा सेन्सर बऱ्याच अंशी स्थिर दिसतो, कारण निरोगी कन्व्हर्टर ऑक्सिजनचे चढउतार स्वतःत सामावून घेतो. मागचा सेन्सर ‘सुस्त’ म्हणून बदलणारा कारागीर चांगल्या कन्व्हर्टरचे लक्षण दोष समजत असतो. मागचा सेन्सर पुढच्यासारखाच नाचू लागला, तर खरी काळजी करायची.

माहिती पारखण्याची रीत

मग नेमके काय पडताळायचे? पहिली पायरी गाडीची ओळख. एकाच नावाची मोटार भारतात, जपानमध्ये आणि अमेरिकेत वेगळ्या इंजिनाने, वेगळ्या उत्सर्जन मानकांनी विकली जाते. भारतातही एकाच मॉडेलच्या भारत स्टेज-४ आणि भारत स्टेज-६ आवृत्तींत सेन्सरचा प्रकार, त्यांची संख्या आणि ईसीयू बदललेले असू शकतात. म्हणून मॉडेलचे नाव पुरत नाही. चॅसी क्रमांक, इंजिनाचा प्रकार, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि सेन्सरवर कोरलेला भाग क्रमांक ही चारही माहिती जुळायला हवी. परदेशी गाडीवर चित्रित झालेला व्हिडिओ कितीही सुबोध असला, तरी त्यातील व्होल्ट आणि ओहम येथील गाडीला लागू पडतीलच असे नाही.

दुसरी पायरी माहितीच्या उगमाची. त्या गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल, वायरिंगचा नकाशा आणि कंपनीने नंतर काढलेली सेवा-परिपत्रके यांना पहिला मान. परिपत्रके महत्त्वाची, कारण कधी कधी दोष सेन्सरचा नसून ईसीयूच्या सॉफ्टवेअरचा असतो आणि ते अद्ययावत केल्यावर कोड थांबतो. त्यानंतर दुरुस्तीविषयक व्यावसायिक माहितीकोश आणि सेन्सर-उत्पादकांची सूची. सहकाऱ्याचा अनुभव, व्हिडिओ आणि ऐकीव उपाय हे सर्वांत शेवटी; दिशा सुचवण्यासाठी ते चांगले, निकालासाठी अपुरे. छापील मॅन्युअलमध्येही चूक असू शकते. म्हणून तारेचा रंग वाचून विश्वास ठेवण्यापेक्षा कनेक्टरच्या पिनचा क्रमांक पाहावा आणि हीटरच्या तारेवर बॅटरीचा दाब खरोखर येतो का, हे मोजावे.

‘बँक १’ आणि ‘सेन्सर १’ यांचा अर्थही नीट लावावा लागतो. ज्या बाजूला पहिला सिलिंडर, ती बँक १. कन्व्हर्टरच्या आधीचा तो सेन्सर १, नंतरचा सेन्सर २. भारतातील बहुसंख्य लहान मोटारींची तीन वा चार सिलिंडरची इंजिने एका ओळीतली असतात, त्यामुळे तेथे सहसा एकच बँक असते. व्ही-६ इंजिनांत मात्र पहिला सिलिंडर कोणत्या बाजूला आहे, हे मॅन्युअलमध्ये पाहिल्यावाचून सांगता येत नाही. अंदाजाने चांगला सेन्सर निघतो आणि बिघडलेला जागेवरच राहतो.

तिसरी पायरी प्रत्यक्ष कसोटीची. माहिती जुळली तरी सेन्सरला प्रश्न विचारून पाहावा. तापलेल्या इंजिनात हेतुपुरस्सर मिश्रण क्षणभर रिच केले आणि मग एखादी व्हॅक्यूम नळी काढून लीन केले, तर चांगला सेन्सर दोन्ही वेळा योग्य दिशेने आणि तत्काळ प्रतिसाद देतो. हे प्रयोग ज्वालाग्राही पदार्थांशी संबंधित असल्याने प्रशिक्षित कारागिरानेच करावेत. जो सेन्सर अशा कसोटीला उतरतो, त्याचे ‘लीन’ हे म्हणणे खरे मानून कारण इंजिनात शोधावे. जो उतरत नाही, तो बदलावा. पण तो का खराब झाला, हेही पाहावे. इंजिनात जळणारे ऑइल, गळून ज्वलनकक्षात शिरणारे कूलंट आणि सेन्सरला अपायकारक सिलिकॉन सीलंट यांचा लेप बसून सेन्सर निकामी होतो. कारण तसेच राहिले, तर नवा सेन्सरही त्याच वाटेने जातो.

इंधन बदलले, जुने आकडे थिटे पडले

माहिती जुनी होते, याचे ताजे उदाहरण पेट्रोल पंपावर आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे राष्ट्रीय उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला जळण्यासाठी कमी हवा लागते, एका किलोला साधारण ९ किलो. त्यामुळे ई-२० इंधनाचे अचूक प्रमाण १४.७ राहत नाही, ते १३.५ च्या आसपास येते. १० टक्के मिश्रणासाठी बेतलेल्या गाडीत ई-२० भरले, तर ईसीयूला साधारण चार टक्के इंधन वाढवावे लागते आणि फ्युएल ट्रिम तेवढी वर सरकलेली दिसते. हा बिघाड नव्हे. मात्र जिची ट्रिम आधीच बरीच वाढलेली आहे अशी एखादी गाडी त्यामुळे कोडच्या उंबरठ्यापर्यंत जाऊ शकते.

येथेही स्कॅनर फसवू शकतो. सेन्सर मोजतो तो लॅम्डा. इंधन कोणतेही असो, लॅम्डा १ म्हणजे अचूक. पुष्कळ स्कॅनर मात्र तो आकडा १४.७ ने गुणून ‘हवा-इंधन प्रमाण’ म्हणून दाखवतात. टाकीत ई-२० असताना पडद्यावर १४.७ दिसत असले, तरी प्रत्यक्ष प्रमाण १३.५ च्या जवळ असते. म्हणून शक्य तेथे लॅम्डाच वाचावा.

गोव्यासारख्या किनारी प्रदेशात आणखी एक भर पडते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी कनेक्टरच्या पिना गंजतात. उंदीर तारा कुरतडतात. पाण्याने भरलेल्या रस्त्यातून गाडी नेली, तर तापलेल्या सेन्सरचा चिनीमातीचा घटक तडकू शकतो. अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांमधील सूक्ष्म पोकळीतून घेतात. त्यामुळे कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे किंवा तारा डाग देऊन जोडणे, हे वरकरणी काळजीचे वाटणारे उपाय सेन्सरचा श्वासच कोंडतात.

माहिती मिळण्याचा हक्क

अचूक माहिती वापरावी, हे सांगणे सोपे. लहान गॅरेजला ती मिळणे कठीण. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी सुटे भाग, निदानसाधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने उपलब्ध न केल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे या आदेशाला आव्हाने दिली गेली, तरी मूळ प्रश्न त्यामुळे ठसठशीतपणे पुढे आला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’ची चौकट आखण्यासाठी समिती नेमली, त्यातील चार क्षेत्रांत वाहनांचा समावेश आहे. युरोपीय महासंघाने २००७ च्या नियमावलीतच उत्पादकांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र व्यावसायिकांना खुली करण्याचे बंधन घातले होते.

कायदा आपल्या गतीने येईल. तोवर मालकाच्या हाती काही साधे प्रश्न आहेत. कोड कोणता आला? आयडलवर आणि २,५०० आरपीएमला फ्युएल ट्रिम किती होती? सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे आणि त्याचे अपेक्षित मूल्य कोठून घेतले? व्हॅक्यूम व एक्झॉस्टची गळती तपासली का? चांगला कारागीर या प्रश्नांनी दुखावत नाही. उलट आपली मेहनत समजून घेणारे गिऱ्हाईक भेटले, म्हणून तो सुखावतो. निदानासाठी घेतलेल्या तासाभराचे पैसे देण्याची तयारी मात्र मालकानेही ठेवावी. फुकटच्या अंदाजावर बसवलेल्या सेन्सरपेक्षा तो तास नेहमीच स्वस्त पडतो.